जेबीला जाऊन यावं का? आमच्या घरचा हिशोब

सिंगापुरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत कोणी ना कोणी सांगतंच, "अहो, एकदा जेबीला जाऊन या. सगळं तिप्पट स्वस्त!" जेबी म्हणजे जोहोर बारू, समोरच्या किनाऱ्यावरचं मलेशियाचं शहर. मध्ये फक्त कॉजवे, म्हणजे खाडीवरचा पूलवजा रस्ता, १९२४ साली सुरू झालेला, किलोमीटरभर लांबीचा. नकाशात बघाल तर दादर ते माटुंगासुद्धा याहून लांब वाटेल.

दोन्ही गोष्टी ऐकायला बऱ्या आहेत, पण त्यांवर दिवस ठरवू नका. एका सिंगापूर डॉलरला तीन-सव्वातीन रिंगिट मिळतात, म्हणून वस्तू तिप्पट स्वस्त होत नाही. इथे ३० डॉलरला मिळणारी गोष्ट तिथे ३० रिंगिटलाच असेल असं कोणी लिहून दिलेलं नाही. आणि किलोमीटरभर पूल ओलांडायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दोन तास.

आम्ही जुराँग ईस्टला राहतो. मी, नवरा, प्राथमिक शाळेतली मुलगी, आणि वर्षातून काही महिने साताऱ्याहून येणाऱ्या सासूबाई. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे सहलीचाही ताळेबंद मांडायची खोड आहे. घरात "या रविवारी जेबी?" असा विषय निघाला की मी तीन गोष्टी याच क्रमाने बघते: कागद, तास, पैसे. बहुतेक जण पैशापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आधी कागद, तेही माणसागणिक

कुटुंब एक असलं तरी इमिग्रेशनच्या लेखी प्रत्येक माणूस वेगळा. आमच्या ओळखीत एकाच घरात एक जण सिंगापूरचा नागरिक, दुसरा पीआर (कायमचा रहिवासी), मूल डिपेंडंट पासवर आणि आजी व्हिजिट पासवर, अशी खिचडी सर्रास असते. म्हणून "आपल्याला काय लागतं?" असं विचारू नका. एकेकाचं नाव घेऊन विचारा.

भारतीय पासपोर्टवर मलेशियात १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत कायमची नाही. ती २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवलेली आहे, त्यामुळे पुढची तारीख असेल तर आधी खात्री करा. व्हिसा नसला तरी मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. शोधताना पैसे मागणाऱ्या दोन-चार साइट वर येतात, त्या सोडून मलेशियन इमिग्रेशनच्या साइटवरच भरा. सिंगापूरच्या नागरिकांना हे कार्ड माफ आहे, पीआरना नाही. "मी पीआर आहे, मला कशाला?" असं म्हणत काउंटरजवळ उभं राहून फोनवर फॉर्म भरणारा एखादा तरी दर वेळी दिसतोच. तान्ह्या बाळाचंही भरायचं.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. पानांचं मात्र कोणी बोलत नाही. सिंगापूरने शिक्के मारणं बंद केलंय. मलेशियाच्या बाजूला मात्र जाताना एक, येताना एक असे शिक्के बसले की दर महिन्याला जाणाऱ्याचा ३६ पानी पासपोर्ट मुदतीच्या आधीच भरतो. तुमचा बेत तसा नेमाने जायचा असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी ६० पानी पुस्तिका मागून घ्या.

आता सगळ्यात नाजूक भाग, भारतातून आलेले आई-वडील. त्यांना जेबीला न्यायची हौस आपल्यालाच जास्त असते. पण ते एकदा सिंगापूरच्या बाहेर पडले की परत येणं हा नवा प्रवेश धरला जातो. म्हणून त्यांच्या सिंगापूरच्या व्हिसाच्या कागदावर एकाच प्रवेशाची परवानगी आहे की अनेक, हे आधी डोळ्यांनी वाचा. एकच असेल तर विषय संपला. घरी बसा, फिश सूपच्या गाडीवर जा, काहीही करा, पण पूल ओलांडू नका. अनेक प्रवेशांची असेल तरी त्यांना सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पुन्हा भरावं लागतं. आपल्यासारख्या पासधारकांना आणि पीआरना रस्त्याने येताना ते लागत नाही, आणि म्हणूनच आई-वडिलांचं भरायचं राहून जातं. आमच्याकडे आदल्या रात्री जेवणं झाली की मी आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, दोन्ही फॉर्म, जातानाचा आणि येतानाचा, एकदमच भरून टाकते. त्यांचं भारतात परतायचं विमानाचं तिकीटही फोनमध्ये असू द्यावं, कोणी विचारलंच तर.

अजून एक. परत आल्यावर त्यांना किती दिवस राहायची मुभा मिळाली हे नव्या ई-पासच्या मेलमध्ये येतं. ते उघडून तारीख बघा. पहिल्या वेळी जितके दिवस मिळाले तितकेच पुन्हा मिळतील, असं धरून चालू नका. परतीचं विमान महिनाभरावर असताना निव्वळ जेबी दाखवण्यासाठी हे सगळं नव्याने पणाला लावायचं का, हा प्रश्न मी दर वेळी घरात मोठ्याने विचारते. आईंचं उत्तर ठरलेलं, "मला काही हौस नाही, तुम्हीच म्हणता चला चला."

मग तास

जेबीची सहल पैशांपेक्षा तासांवर ठरते. तेही घराच्या दारापासून दारापर्यंतच्या.

आमचा नेहमीचा रस्ता असा. जुराँग ईस्टहून एमआरटीने (इथली मेट्रो) क्रांजी, तिथून बस. (जुराँगहून थेट १६० नंबरची बसही जाते. घाई नसेल आणि बसायला जागा मिळाली तर ती बरी.) बस वुडलँड्स चेकपॉइंटला सगळ्यांना उतरवते. सगळे झपझप एस्केलेटरने वर. पहिल्यांदा आलेल्याला वाटतं, कुठे आग लागली की काय. वर सिंगापूरमधून बाहेर पडायची गेट. पासपोर्ट किंवा मायआयसीए ॲपवरचा क्यूआर दाखवला की काम होतं, हा भाग पटकन उरकतो. मग पुन्हा खाली, बसच्या रांगेत. आलात ती बस तुमच्यासाठी थांबलेली नसते. खांबांवर नंबर लावलेले असतात, आपल्या नंबरची रांग धरायची आणि त्याच कंपनीची त्याच नंबरची पुढची बस पकडायची. तिकीट काढलं असेल तर ते सांभाळा, कार्ड वापरलं असेल तर तेच कार्ड पुन्हा लावा. पूल ओलांडला की मलेशियाच्या इमारतीत पुन्हा उतरा, पुन्हा वर चढा, पुन्हा रांग. तिथून बाहेर आलात की छपराखालच्या वाटेने जेबी सेंट्रल स्टेशन आणि समोरचा सिटी स्क्वेअर मॉल.

म्हणजे एका बाजूला दोन उतार, दोन चढ, दोन इमिग्रेशन. येताना हेच उलट्या क्रमाने. गुडघे दुखणारं माणूस किंवा झोपेला आलेलं मूल बरोबर असेल तर हा चढउतार आधी डोळ्यांसमोर आणा. वुडलँड्सच्या खालच्या मजल्यावर, बसच्या धुरात, मुलीला कडेवर घेऊन आईंना "जरा पुढे सरका हं" म्हणत उभं राहणं मला ठाऊक आहे. आईंना घेऊन जायचं असेल तर आम्ही बसचा विचारच करत नाही.

त्यांच्यासाठी रेल्वे. केटीएमची, म्हणजे मलेशियाच्या रेल्वेची, शटल तेब्राऊ ही गाडी वुडलँड्स ट्रेन चेकपॉइंटपासून जेबी सेंट्रलपर्यंत पाच मिनिटांत नेते. जाताना दोन्ही देशांचं इमिग्रेशन वुडलँड्सलाच, गाडीत बसायच्या आधी उरकतं. येताना मलेशियाचं जेबी सेंट्रलला, सिंगापूरचं वुडलँड्सला. तिकीट जाताना ५ डॉलर, येताना ५ रिंगिट. तेच अंतर, तीच गाडी, परतीचं भाडं तिसऱ्या हिश्शाच्या आत! अडचण तिकिटाची. शनिवार-रविवारच्या सकाळच्या गाड्या कधीच भरलेल्या असतात, म्हणून तारीख ठरली की केटीएमच्या ॲपवर येण्या-जाण्याचं एकदमच काढायचं. नुसतं जाण्याचं मिळालं म्हणून खूश होऊ नका, अडकायला होतं ते येताना. आणि वुडलँड्स ट्रेन चेकपॉइंट एमआरटीच्या वुडलँड्स स्टेशनाला लागून नाही, तिथवर बस किंवा टॅक्सी धरा.

आता वार. वुडलँड्सवरून रोज सुमारे तीन लाख माणसं ये-जा करतात. त्यांतले पुष्कळ जण मलेशियात राहून सिंगापुरात नोकरीला येणारे. पहाटे चारपासून लोंढा सिंगापूरकडे येतो आणि संध्याकाळी परत फिरतो. आपण सिंगापूरचे रहिवासी मधल्या वारी सकाळी निघालो तर लोंढ्याच्या उलट्या दिशेने जातो आणि संध्याकाळी उलट्याच दिशेने येतो. म्हणून रजा टाकून मंगळवार-बुधवारी गेलेली सहल रविवारच्या फुकट सहलीपेक्षा स्वस्त पडते, असं माझं ठाम मत आहे. रजेचा दिवस जातो, कबूल. पण रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ त्या रांगेत काढलेले तास मोजले तर अर्धी रजा तिथेच वसूल होते.

टाळायच्या वेळा: शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ (जाताना), रविवार दुपारनंतर (येताना), आणि जोडून आलेल्या सुट्ट्या तर हमखास. चिनी नववर्ष, हरी राया (ईद), दोन्हीकडच्या शाळांच्या सुट्ट्या यांची कॅलेंडरं बघा. अशा दिवसांत गाडीने जाणाऱ्यांना तीन-तीन तास थांबावं लागतं आणि सिंगापूरचं इमिग्रेशन खातं तशी सूचनाही आधी देतं.

जुन्या लोकांचा एक सल्ला अजून फिरतो: "रविवारी जा, तिकडे रविवारी कामाचा दिवस असतो, गर्दी नसते." तो आता विसरा. जोहोरमध्ये पूर्वी शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, तेव्हाचा हा सल्ला. १ जानेवारी २०२५ पासून तिथेही शनिवार-रविवार झालाय. आता रविवारी सिंगापूरकर आणि जोहोरकर एकाच मॉलच्या एकाच लिफ्टसमोर उभे असतात.

माझं कोष्टक सोपं आहे. सकाळी आठला घर सोडलं, संध्याकाळी सातला परत, म्हणजे अकरा तास. बऱ्या मंगळवारी जाणं-येणं मिळून साडेतीन तास, तिथे हातात साडेसात. वाईट रविवारी जाण्यायेण्यातच सहा, तिथे पाच. तिथे मिळणारे तास वाटेतल्या तासांहून कमी भरले की बेत रद्द. घरात याला कोणी हरकत घेत नाही, कारण मुलीनेच एकदा रांगेत बसकण मारून जाहीर केलं होतं की आपण मलेशिया बघायला नाही, लाइन बघायला आलोय.

मग पैसे

इथे मी खर्च दोन रकान्यांत मांडते: नुसतं गेल्यामुळे होणारा खर्च, आणि तिथे वाचणारे पैसे. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा बऱ्यापैकी जड असला पाहिजे. दोन-पाच डॉलरांनी नव्हे.

समजा चौघांचं जेवण. इथे लिटल इंडियात बसून जेवलो, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी धरून समजा ८० डॉलर झाले. तेच तिथे ११० रिंगिट, म्हणजे साधारण ३४ डॉलर. वाचले ४६. आता एमआरटी आणि बस, येऊन-जाऊन चौघांचे २५ डॉलर धरा. तिथे ग्रॅबचे (ॲपवरची टॅक्सी) दोन फेरे, ३० रिंगिट. दमल्यावर थंड काहीतरी, मुलीला काहीतरी, कारण मॉलमधून रिकाम्या हाताने बाहेर पडता येत नाही हा घरचा नियम. उरलं काय? चार-पाच डॉलर आणि दुखणारे पाय. नुसत्या जेवणासाठी जेबीची सहल परवडत नाही.

समजा चष्मा. प्रोग्रेसिव्ह काचांचा इथे ५०० डॉलर सांगितला, तिथे ७०० रिंगिट, म्हणजे २२० डॉलरच्या आत. एका चष्म्यात २८० वाचले. हे काम सहलीचा खर्च उचलतं, मग जेवण, फिरणं सगळं वरकड. म्हणून माझा प्रश्न नेहमी हाच: मुख्य काम कोणतं? एक ठोस काम, तिथे जाऊनच होणारं आणि एका फेरीत संपणारं. असं काम नसेल तर पैशासाठी जाऊ नका. मौजेसाठी जा, आणि मग हिशोब काढत बसू नका.

"एका फेरीत संपणारं" यावर जोर देते, कारण दातांच्या बाबतीत लोक इथेच गडबडतात. दात साफ करून घ्यायचे असतील तर जा, एका बैठकीत होतं. रूट कॅनालला तीन-तीन बैठका. प्रत्येक बैठक म्हणजे एक सहल, आणि रात्री दोनला दाढ ठणकली तर डॉक्टर पुलापलीकडे. मी तरी करणार नाही. चष्म्याचंही तसंच. "दोन तासांत तयार" म्हणणाऱ्या एका दुकानाने आमच्या घरच्याचा चष्मा संध्याकाळी साडेपाचला हातात ठेवला, तोवर दिवसभर त्याच परिसरात घुटमळायला लागलं. दुकानात शिरल्या शिरल्या वेळ विचारा, काचा तयार साठ्यातल्या आहेत की बनवून आणायच्या आहेत तेही विचारा. आणि पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह लावणार असाल तर इथेच करा. त्या काचा नाकावर नीट बसेपर्यंत दोनदा तरी दुकानात जावं लागतं.

वाणसामानासाठी जाणं हा शुद्ध खुळेपणा. पाच किलो तांदूळ, दोन लिटर तेल आणि डिटर्जंट घेऊन ते एस्केलेटर चढायचे आणि दोन रांगांत उभं राहायचं! डाळी-पोहे इथे लिटल इंडियातल्या मुस्तफा या मोठ्या दुकानात मिळतात. गाडी असलेल्यांचं गणित वेगळं, पण त्यांचेही खर्च वेगळे. सिंगापूरच्या गाडीला बाहेर जाताना टाकी तीन चतुर्थांश भरलेली हवी, नाहीतर ५०० डॉलरपर्यंत दंड. मलेशियाची व्हीईपी (परदेशी गाडीचा प्रवेश परवाना) नोंदणी आणि टॅग हवा, १ जुलै २०२५ पासून त्याविना ३०० रिंगिट दंड. टोलसाठी टच अँड गो कार्ड हवं, आणि परक्या गाडीत तिकडचं सवलतीचं रॉन ९५ पेट्रोल भरायला मनाई. आमच्याकडे गाडी नाही आणि ती घ्यायचा विचारही नाही, त्यामुळे एवढ्यावरच थांबते.

पैसे नेताना थोडे रिंगिट सिंगापुरातच बदलून घ्या, छोट्या दुकानांत आणि जुन्या भागात रोख लागते. कार्ड वापरलंत तर मशीन विचारतं, डॉलरमध्ये देणार की रिंगिटमध्ये. डॉलरचा आकडा ओळखीचा म्हणून बोट तिकडे जातं. रिंगिटच दाबा, नाहीतर त्या मशीनचा दर तुमच्या माथी. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार वेगळा लागतो, त्यामुळे मल्टी-करन्सी कार्ड असेल तर तेच पुढे करा.

जेबी म्हणजे नक्की कुठे?

लोक "जेबी" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात चार वेगळी ठिकाणं असतात. स्टेशनाला लागून असलेला सिटी स्क्वेअर, ग्रॅबने जायचे केएसएल आणि मिड व्हॅली साउथकी हे मॉल, पार पश्चिमेला इस्कंदर पुतेरीतलं लेगोलँड, आणि उत्तरेला कुलाईजवळचं प्रीमियम आउटलेट. एका दिवसात यांतलं एकच धरा. लेगोलँडला जायचं असेल तर वुडलँड्सच्या वाटेला जाऊच नका, तो भाग तुआसच्या दुसऱ्या पुलाच्या बाजूला आहे. आणि खरं सांगायचं तर ती एका दिवसाची गोष्ट नाही. मुलांना दुपारी तीनला "चला, रांग लागेल" म्हणून बाहेर ओढायचं असेल तर तिकिटाचे पैसे कशाला घालवायचे? एक रात्र राहा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना, विशेषतः वडीलधारी बरोबर असतील तर, मी स्टेशनाजवळचाच भाग सुचवते. सिटी स्क्वेअरमधून बाहेर पडलं की चालत जालान उंगकू पुआनचा छोटा लिटल इंडिया, तिथे राजमारिअम्मनचं देऊळ, फुलांच्या माळा, तामिळ खानावळी. शाकाहारी माणसाची सोय इथेच होते. थोसई (म्हणजे डोसा), केळीच्या पानावरचा भात. रोटी चनाई या पापुद्र्यांच्या पराठ्याबरोबर काही ठिकाणी माशाची करी न विचारता ओततात, त्यामुळे मागतानाच "डाल ओन्ली" म्हणा. जवळच जालान तान हिओक नी हा जुन्या दुकानांचा रस्ता. तिथल्या हियाप जू बेकरीत अजून लाकडाच्या भट्टीत केक भाजतात, १९१९ पासूनची बेकरी. केळ्याच्या केकसाठी रांग असते. केकमध्ये अंडं असतं, त्यामुळे आईंच्या वाटणीचा आम्ही खातो.

तेब्राऊ रस्त्याच्या बाजूला राजकालिअम्मनचं काचेचं देऊळ आहे. भिंती, खांब, छत, सगळीकडे रंगीत काचेचे तुकडे जडवलेले. उन्हातून आत शिरलं की डोळे क्षणभर दिपतात. आईंना जेबीतलं बाकी काही आठवत नाही, हे देऊळ आठवतं. पर्यटकांसाठीच्या वेळा ठरलेल्या असतात, निघायच्या आधी बघून घ्या, नाहीतर बंद दारासमोरचा फोटो काढून परत यावं लागेल.

ग्रॅबचं ॲप तेच चालतं. पण सिटी स्क्वेअरसमोर गाडी बोलावलीत तर ती गर्दीत वीस मिनिटं दिसतच नाही. जरा चालून बाजूच्या रस्त्यावर या.

येताना काय पिशवीत नको

परत येताना सिंगापूरचं कस्टम्स हा वेगळाच अध्याय. ४८ तासांच्या आत परत येणाऱ्या प्रवाशाला १०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर जीएसटी माफ आहे, हे सगळे सांगतात. पुढचं वाक्य कोणी सांगत नाही: ही सवलत एम्प्लॉयमेंट पास, डिपेंडंट पास, वर्क परमिट किंवा लाँग टर्म पासवर असलेल्यांना नाही. म्हणजे आपल्यातल्या अर्ध्याअधिक लोकांना नाहीच. नवा फोन किंवा महागडी बॅग तिकडून आणून पैसे वाचवायचा विचार असेल तर त्यावर ९ टक्के धरूनच तुलना करा.

मलेशियाहून येताना दारूवर सूट शून्य, सिगारेटवर शून्य. च्युइंग गम नाही. चघळायची तंबाखू, गुटखा अजिबात नाही, आणि गावाकडून आलेल्या काकांच्या खिशात पुडी आहे का हे त्यांना घरीच प्रेमाने विचारा. व्हेप तर हातही लावू नका, त्यावरचे कायदे आता फार कडक झाले आहेत. ड्युरियन तिथे स्वस्त आणि चांगला मिळतो, पण सिंगापूरच्या एमआरटीत तो न्यायला बंदी, म्हणून तो तिथेच उभ्याने खाऊन हात धुवा.

निघायच्या सकाळी

आदल्या रात्री कागद झालेले असतात. सकाळी चहा ठेवला की मी एलटीएच्या (सिंगापूरचं वाहतूक खातं) वनमोटरिंग या साइटवर चेकपॉइंटच्या कॅमेऱ्यांचं चित्र उघडते. हे फोटो गाडीवाल्यांसाठी, पण पुलावर गाड्या खचाखच दिसल्या की बसही त्याच रस्त्यात अडकलेली असते. वुडलँड्स भरलेलं आणि तुआस रिकामं असेल, तर जुराँगहून दुसऱ्या पुलाने जाणारी बस असते, मात्र ती बुकित इंदाहला सोडते, जेबी सेंट्रलला नाही. दोन्ही भरलेले असतील तर आम्ही क्रांजीपर्यंतच जातो आणि बसने सुंगेई बुलोहच्या पाणथळ अभयारण्याला उतरतो. खाडीच्या कडेने चालायचं, चिखलातल्या घोरपडी बघायच्या, समोर जोहोरच्या इमारती दिसतातच. ना शिक्का, ना फॉर्म.

कोणी विचारतं, मग इंडोनेशियाचं बाटाम बेट का नाही, फेरीने तासाभरात तर पोहोचतो? भारतीय पासपोर्टला तिथे बहुधा उतरल्यावर व्हिसा घ्यावा लागतो, त्याचे माणशी पैसे, वर फेरीचं भाडं. चौघांचा आकडा काढा, दिवसभरासाठी जाववणार नाही. जायचं तर दोन रात्री राहायला जा.

आता सगळ्यांचं लक्ष नव्या आरटीएस रेल्वेकडे आहे. वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चागर, चार किलोमीटर, पाचेक मिनिटांचा प्रवास, तासाला एका दिशेने दहा हजार माणसं. दोन्ही देशांचं इमिग्रेशन निघायच्याच टोकाला होणार. २०२६ च्या अखेरीचं उद्दिष्ट आहे, आणि ती सुरू झाली की सहा महिन्यांत शटल तेब्राऊ बंद होईल. माझ्या कोष्टकातला पुलाचा आकडा तेव्हा बराच कमी होईल. पण पोहोचल्यावरची ग्रॅबची रांग, चष्म्याच्या दुकानातली वाट बघणं आणि आईंच्या व्हिसाचा कागद हे तिन्ही रकाने तसेच राहणार. आम्हा जुराँगवाल्यांना तर वुडलँड्सला गाडी बदलून थॉमसन लाइनने अजून एक स्टेशन पुढे जावं लागेल, तेवढी पंधरा मिनिटं आत्तापासूनच धरून ठेवली आहेत.